वज्जींचा पाडाव : वस्सकाराचे भेदतंत्र आणि संघाचे उत्तर

प्राचीन भारताच्या राजकीय इतिहासात हेर आणि त्यांच्या कारवाया यांची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु एका माणसाने शत्रूच्या राजधानीत उजळ माथ्याने राहावे, तेथे न्यायदानाचे काम करावे, तेथील राजकुमारांना विद्या शिकवावी आणि तीन वर्षांत एका बलाढ्य गणसंघाला आतून पोखरून टाकावे, अशी कथा विरळाच. तो माणूस म्हणजे मगधाचा महामात्य वस्सकार ब्राह्मण आणि तो गणसंघ म्हणजे वैशालीचा वज्जी संघ. ही कथा आपल्या उपासकवर्गात बहुधा सात अपरिहानीय धम्मांच्या निमित्ताने सांगितली जाते. ते योग्यच आहे. परंतु वस्सकाराने नेमके काय केले, ते कोणत्या कारणाने साधले आणि त्यावर तथागतांनी कोणता उपाय सांगून ठेवला होता, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो करू इच्छितो.

मगध आणि वज्जी

गंगेच्या दक्षिणेस मगध आणि उत्तरेस वज्जी, अशी बुद्धकाळी स्थिती होती. मगधाची राजधानी राजगृह, वज्जींची वैशाली. आज बिहारमध्ये बसाढ या गावाच्या परिसरात वैशालीचे अवशेष आहेत. अंगुत्तर निकायात ज्या सोळा महाजनपदांची नावे येतात, त्यांत मगध आणि वज्जी ही दोन्ही आहेत. धर्मानंद कोसंबी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात या जनपदांचा परिचय मराठी वाचकांस करून दिला आहे.

या दोन राज्यांत मूलभूत भेद होता. मगधात एका राजाची सत्ता होती. बिंबिसाराला ठार करून त्याचा पुत्र अजातशत्रू सिंहासनावर बसला होता. वज्जी हा लिच्छवी, विदेह इत्यादी कुळांचा संघ होता. जातककथांत वैशालीच्या राजांची संख्या ७७०७ अशी दिली आहे. हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. परंतु तेथे सत्ता एकाच्या हाती नसून अनेक कुळांत वाटलेली होती, एवढे त्यावरून स्पष्ट होते. हे सर्वजण संथागारात जमत, विचारविनिमय करीत आणि ठरलेले कार्य एकजुटीने पार पाडीत.

वैराचे कारण काय? आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या 'सुमंगलविलासिनी' या दीघ निकायाच्या अट्ठकथेत ते दिले आहे. गंगेकाठी एक पत्तन होते. त्याचा अर्धा भाग अजातशत्रूच्या आणि अर्धा लिच्छवींच्या ताब्यात होता. तेथे पर्वताच्या पायथ्याशी मौल्यवान सुगंधी द्रव्य उतरत असे. अजातशत्रू आज जाऊ, उद्या जाऊ, अशी तयारी करीत राही. लिच्छवी एकमताने आधीच येऊन सर्व माल घेऊन जात. असे वर्षानुवर्षे घडले. राजा संतापला, परंतु एवढ्या मोठ्या गणाशी युद्ध करणे सोपे नाही, त्यांचा एकही प्रहार वाया जाणार नाही, हे त्यास ठाऊक होते. म्हणजे मगधाच्या दृष्टीने वज्जी हे धोकादायक प्रतिस्पर्धी होते, आणि ते धोकादायक होते ते त्यांच्या एकीमुळे.

गृध्रकूटावरील प्रश्नोत्तरे

महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभच या प्रसंगाने होतो. भगवान बुद्ध राजगृहाजवळ गृध्रकूट पर्वतावर राहत असता अजातशत्रूने वस्सकारास त्यांच्याकडे पाठविले. वज्जींचा समूळ उच्छेद करण्याचा आपला बेत त्यांच्या कानी घालावा आणि ते काय म्हणतात ते नीट ऐकून यावे, अशी आज्ञा होती. तथागतांनी वस्सकारास थेट उत्तर दिले नाही. मागे उभे राहून पंख्याने वारा घालणाऱ्या आनंदास त्यांनी सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार एकत्र जमतात काय? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि एकोप्याने कामे करतात काय? न ठरलेले मनमानी नियम करीत नाहीत आणि ठरलेले मोडीत नाहीत ना? वडीलधाऱ्यांचा मान राखतात काय? कुळातील स्त्रियांवर आणि मुलींवर जबरदस्ती करीत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा आदर करतात काय? अर्हंतांचे योग्य रक्षण करतात काय? प्रत्येक प्रश्नास आनंदाने होकार दिला, आणि हे चालू आहे तोवर वज्जींची उन्नतीच होईल, अवनती होणार नाही, असे तथागतांनी सांगितले.

वस्सकार बुद्धिमान होता. यांपैकी एक गोष्ट असली तरी वज्जी अजिंक्य आहेत, मग सातही असताना काय बोलावे, असे तो म्हणाला. मात्र त्याने दोन वाटा मोकळ्या पाहिल्या. एक 'उपलापन' म्हणजे गोड बोलून, देऊन-घेऊन वश करणे आणि दुसरी 'मिथुभेद' म्हणजे आपसांत फूट पाडणे. हे दोन शब्द घेऊन तो पर्वत उतरला.

तथागतांनी वज्जींचे मर्म शत्रूच्या दूतास का उघड केले, असा प्रश्न कधी कधी विचारला जातो. आमच्या मते प्रश्नच चुकीच्या दिशेने विचारला जातो. हे सात नियम काही गुपित नव्हते. वैशालीतील सारंदद चैत्यात तथागतांनी ते स्वतः लिच्छवींना पूर्वीच शिकविले होते. ज्याचे रक्षण ज्याच्या स्वतःच्या आचरणावर अवलंबून आहे, त्याचे मर्म लपवून ते सुरक्षित होत नाही. शिवाय वस्सकार निघून जाताच तथागतांनी राजगृहाच्या परिसरातील सर्व भिक्खूंना एकत्र बोलाविले आणि भिक्खुसंघाची हानी होऊ नये यासाठी असेच सात धम्म त्यांना सांगितले. म्हणजे वज्जींवर येऊ घातलेले संकट संघावरही येऊ शकते, हे त्यांनी त्याच दिवशी ओळखले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग सामाजिक-राजकीय विषयांवरील प्रवचनांत घेतला आहे, आणि राजकीय व लष्करी सामर्थ्य हे समाजव्यवस्थेवर अवलंबून असते, असे सूत्र त्यास दिले आहे. हे सूत्र आम्ही या लेखाचे मध्यवर्ती सूत्र मानतो.

कपटाची मांडणी

पुढील वृत्तांत सुत्तात नाही. तो अट्ठकथेत आहे. राजा आणि मंत्री यांनी मिळून एक नाटक रचले. राजाने भरसभेत वज्जींचा विषय काढावा. वस्सकाराने उठून, त्यांच्या वाटेस जाण्याचे कारण काय, त्यांना त्यांची शेती आणि व्यापार करू द्यावा, असे म्हणून सभा सोडावी. त्यानंतर त्याने वज्जींकडे भेटवस्तू पाठवावी आणि ती राजपुरुषांनी वाटेत पकडावी. त्यावर राजाने त्यास फितूर ठरवावे. मात्र बेड्या न घालता आणि फटके न मारता, डोके भादरून नगराबाहेर घालवावे. जाताना वस्सकाराने, या नगराची तटबंदी आणि खंदक मीच बांधले आहेत, ते कोठे भक्कम व कोठे दुबळे आहेत हे मला ठाऊक आहे, अशी धमकी द्यावी. सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले.

ही वार्ता वैशालीस पोहोचली तेव्हा लिच्छवींत दोन मते झाली. हा ब्राह्मण लबाड आहे, त्यास गंगा ओलांडू देऊ नका, असे काहींनी स्पष्ट सांगितले. इतर म्हणाले की, आपली बाजू घेतल्यामुळेच त्याच्यावर हा प्रसंग आला. हा दुसरा पक्ष प्रबळ ठरला. एवढ्याशा अपराधास एवढी मोठी शिक्षा योग्य नव्हती, असे म्हणून त्यांनी त्याची कीव केली. मगधात कोणत्या पदावर होतास, असे विचारले. विनिश्चय-महामात्य, असे उत्तर येताच तेच पद त्यास वैशालीत दिले.

या पदाचा अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. त्याच अट्ठकथेत वज्जींच्या प्राचीन न्यायपद्धतीचे वर्णन आहे. आरोपीस प्रथम विनिश्चय-महामात्यापुढे उभे करीत. तो निर्दोष वाटल्यास तेथेच मुक्त होई; दोषी वाटल्यास त्यास शिक्षा न देता क्रमाने वोहारिक, सुत्तधर, अट्ठकुलिक, सेनापती, उपराजा यांच्याकडे आणि शेवटी राजाकडे पाठविले जाई. राजासुद्धा 'पवेणीपोत्थक' म्हणजे परंपरेने नोंदविलेल्या निर्णयांचा ग्रंथ पाहूनच दंड ठरवी. ज्या समाजाने आरोपीच्या रक्षणासाठी एवढ्या पायऱ्या बांधल्या, त्याने त्यांपैकी पहिल्याच पायरीवर शत्रूचा हेर आणून बसविला.

वस्सकारानेही घाई केली नाही. त्याने निवाडे चोख दिले. राजकुमार त्याच्याजवळ विद्या शिकू लागले. विश्वास हेच त्याचे शस्त्र होते, आणि ते त्याने आधी पाजळून घेतले.

कुजबुज

मग एके दिवशी त्याने एका लिच्छवीस बाजूला नेले आणि, लोक शेत नांगरतात काय, एवढेच विचारले. होय, बैलांची जोडी जुंपून नांगरतात, असे उत्तर मिळताच तो परतला. दुसऱ्या लिच्छवीने साहजिकच विचारले की, आचार्य एकांतात काय म्हणाले? पहिल्याने खरे ते सांगितले. ऐकणाऱ्यास ते पटले नाही. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी कोणी बाजूला नेईल काय? हा आपल्यापासून काही तरी लपवीत आहे, असे त्यास वाटले. दुसऱ्या वेळी वस्सकाराने आणखी कोणास असेच एकांतात नेऊन, आज कोणत्या कालवणाशी जेवलात, असे विचारले. परिणाम तोच झाला.

वस्सकाराच्या बुद्धीचा कस येथे दिसतो. खोटे बोलणारा केव्हा तरी पकडला जातो. वस्सकाराने आरंभी खोटे सांगितलेच नाही. त्याने प्रश्न इतका पोकळ ठेवला की, खरे सांगणाराच खोटा ठरावा. त्या पोकळीत प्रत्येकाने आपापला संशय भरला. विष कालविण्याचे काम लिच्छवींनी स्वतःच केले. वस्सकाराने केवळ रिकामे पात्र पुढे केले.

भूमी अशी तयार झाल्यावर त्याने पुढचे पाऊल टाकले. एकास म्हणावे, तुम्ही फार दरिद्री आहात म्हणे. कोण म्हणाले, असे त्याने विचारताच एका लिच्छवीचे नाव सांगावे. दुसऱ्यास म्हणावे, तुम्ही भित्रे आहात म्हणे, आणि पुन्हा तिसऱ्या कोणाचे नाव घ्यावे. आता मात्र हे शुद्ध असत्य होते. परंतु ते पडताळून पाहण्यास कोणीही त्या दुसऱ्याच्या दारी गेला नाही. तीन वर्षांत अशी अवस्था झाली की, दोन लिच्छवी एका वाटेने चालेनात.

तेव्हा वस्सकाराने परीक्षा पाहिली. सभेसाठी वाजवावयाची भेरी त्याने वाजविली. धनवंतांनी जमावे, शूरांनी जमावे, असे म्हणत लिच्छवी घरीच राहिले. वस्सकाराने अजातशत्रूस निरोप धाडला. मगधाचे सैन्य निघाले. शत्रूस गंगा ओलांडू देऊ नका, म्हणून वैशालीत भेरी वाजली. शूरांनी जावे, असे म्हणून कोणी आले नाही. नगरात शिरू देऊ नका, वेशी लावून घ्या, म्हणून पुन्हा वाजली. तेव्हाही कोणी आले नाही. अजातशत्रू उघड्या वेशीतून आत शिरला.

कथेतील इतिहास

ही अट्ठकथा घटनेनंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिली गेली, हे विसरून चालणार नाही. ती जुन्या सिंहली अट्ठकथांवर आधारलेली असली तरी तिचा शब्दन् शब्द इतिहास म्हणून घेता येणार नाही. जैन आगमांत या संघर्षाचे वर्णन निराळे आहे. तेथे कूणिक म्हणजे अजातशत्रू आणि वैशालीचा चेटक यांच्यात उघड महायुद्ध झाले असून नऊ मल्ल, नऊ लिच्छवी आणि काशी-कोसलाचे गणराजे चेटकाच्या बाजूने उभे होते. महाशिलाकंटक आणि रथमुसल या नावांच्या दोन संग्रामांचा उल्लेख भगवती सूत्रात येतो. त्यामुळे वैशाली अगदी विनायुद्ध पडली, असे ठामपणे म्हणता येत नाही.

तरीही काही गोष्टी निश्चित आहेत. महापरिनिब्बान सुत्तात अस्थींच्या वाटपाच्या वेळी अजातशत्रू आणि वैशालीचे लिच्छवी या दोघांनीही आपापला वाटा मागितला आणि त्यांना तो मिळाला. म्हणजे तोपर्यंत वैशाली स्वतंत्र होती. तिचा पाडाव त्यानंतर झाला. याच सुत्तात वस्सकार आणि सुनीध हे दोन मंत्री वज्जींना रोखण्यासाठी पाटलीग्रामी नगर बांधताना दिसतात. म्हणजे वस्सकाराचे लक्ष प्रदीर्घ काळ वैशालीवर होते.

दुसरा पुरावा कौटिलीय अर्थशास्त्राचा. त्याचे अकरावे अधिकरण संघराज्यांशी कसे वागावे याविषयी आहे. लिच्छविक, वृजिक आणि मल्लक यांची नावे त्यात स्पष्टपणे येतात. हेरांनी अशा संघांत शिरावे, सभासदांचे परस्परांविषयीचे द्वेष व कलह हेरावेत, अमका तुझी निंदा करतो, असे सांगून मने दुभंगवावीत, हा तेथील उपदेश आहे. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु गणसंघ फोडण्याचे हे तंत्र राजनीतिशास्त्राचे अधिकृत प्रकरण बनले होते, यात शंका नाही. वस्सकाराची कथा आणि हे प्रकरण शेजारी ठेवून वाचले असता अट्ठकथेतील वृत्तांत निव्वळ कल्पनारंजन वाटत नाही.

भेद कोठे रुजला?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वस्सकार चतुर होता, हे खरे. परंतु त्याचे चातुर्य राजगृहात बसून चालले नसते. त्यास वैशालीत काही तरी आयते सापडले असले पाहिजे.

त्याने निवडलेले दोन शब्द पाहावेत : दरिद्री आणि भित्रा. ज्या समाजात धन आणि शौर्य यांवरून माणसाची पायरी ठरते, तेथेच हे शब्द जिव्हारी लागतात. आणि भेरी वाजल्यावर लिच्छवींनी दिलेले उत्तर पाहावे : धनवंतांनी जमावे, शूरांनी जमावे. वस्सकाराने केलेली जखम त्या उत्तरातून बोलते आहे. संथागारात सर्वजण राजे म्हणवीत; परंतु मनात उच्च-नीचतेची उतरंड तशीच होती. शिवाय हे राजेपण मूठभर क्षत्रिय कुळांपुरते होते. शेत कसणारे, माल वाहणारे, घरी राबणारे दास आणि कर्मकर यांना त्या सभेत आसन नव्हते. वेशी लावून घेण्यासाठी भेरी वाजली तेव्हा त्यांना कोणी साद घातली असेल, असे कथेत कोठेही दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या त्याच अधिकरणात एक सूचना आहे, ती आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. श्रेष्ठ समजले जाणारे लोक हीन समजल्या जाणाऱ्यांशी एका पंक्तीस बसू लागले किंवा विवाहसंबंध करू लागले तर हेरांनी त्यास आडकाठी करावी. किंवा उलट, हीन समजल्या जाणाऱ्यांना तशा पंक्तीचा व विवाहाचा हक्क मागण्यास चिथवावे. कोणतीही बाजू घेतली तरी संघ फुटावा, एवढाच हेतू. रोटी-बेटी व्यवहारातील भेद हा संघराज्याचा सर्वांत नाजूक सांधा आहे, हे त्या राजनीतिज्ञास पुरते ठाऊक होते. बाबासाहेबांनी क्रमिक विषमतेचे जे विश्लेषण केले, त्याचा उपयोग शत्रू कसा करून घेतो याचे हे जुने प्रमाण होय. समतेच्या अभावी बंधुता टिकत नाही, आणि बंधुता नसेल तर एका हेराची कुजबुजही पुरते.

लिच्छवींच्या आचरणातील शैथिल्याकडेही तथागतांनी आधीच लक्ष वेधले होते. संयुत्त निकायात एक लहानसे सुत्त आहे. लिच्छवी आज लाकडाच्या ओंडक्याची उशी करून निजतात, दक्ष आणि उद्योगी आहेत, म्हणून अजातशत्रूस शिरकाव मिळत नाही. पुढे ते मऊ गाद्यागिर्द्यांवर सूर्य उगवेपर्यंत लोळतील आणि तेव्हा त्यास शिरकाव मिळेल, असा त्याचा आशय आहे. अंगुत्तर निकायात महानाम लिच्छवी स्वतःच तक्रार करतो की, आपले तरुण कुळांत पाठविलेले खाऊचे जिन्नस लुटून खातात आणि कुळातील स्त्रियांना त्रास देतात. सात नियमांपैकी एक नियम येथेच मोडू लागला होता. तटास भेग आधी पडली. वस्सकार नंतर आला.

या कथेवरून केवळ वस्सकाराच्या जातीस दोष देऊन थांबणेही योग्य नव्हे. महापरिनिब्बान सुत्ताच्या अखेरीस कुशीनगरात अस्थींवरून सात-आठ राज्ये हातघाईवर येण्याच्या बेतात असता, क्षमेची शिकवण देणाऱ्या शास्त्याच्या अस्थींसाठी रक्त सांडू नये, असे समजावून आठ समान भाग करणारा द्रोण हाही ब्राह्मणच होता. एकाच सुत्ताच्या आरंभी भेद करणारा आणि शेवटी मेळ घालणारा असे दोन पुरुष भेटतात. परीक्षा कुळाची नव्हे, कृतीची करावयाची, हाच तथागतांचा निकष आहे.

संघाचे उत्तर

वस्सकाराच्या तंत्रास तोड काय? वैशालीत कोणीही संशयिताच्या तोंडावर जाऊन, तू असे म्हणालास काय, असे विचारले नाही. भिक्खुसंघाच्या विनयात नेमकी हीच गोष्ट नियम म्हणून घातली आहे. वाद शमविण्याच्या सात पद्धतींत पहिली 'सम्मुखाविनय' होय. कोणताही निर्णय संघाच्या समक्ष, धम्म आणि विनय यांच्या आधारे आणि संबंधित व्यक्ती समोर असतानाच व्हावा, पाठीमागे नव्हे, असा तिचा अर्थ. एकमत न झाल्यास शलाका वाटून बहुमत घेण्याचीही तरतूद आहे. भिक्खूंमध्ये चहाडी करून इकडचे तिकडे सांगणे हा पाचित्तिय दोष मानला आहे. गृहस्थांसाठीही सम्यक् वाचेच्या विवेचनात असत्याच्या पाठोपाठ 'पिसुणा वाचा' म्हणजे चहाडी वर्ज्य सांगितली आहे. आपण हे नियम वैयक्तिक सदाचाराचे म्हणून पाठ करतो. वैशालीच्या इतिहासाच्या प्रकाशात पाहिले तर ते समाजाच्या संरक्षणाचे नियम आहेत, हे कळते.

या दोन पद्धतींची समोरासमोर भेटही त्रिपिटकात नोंदली आहे. मज्झिम निकायातील गोपकमोग्गल्लान सुत्ताचा काळ तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतरचा आहे. अवंतीच्या प्रद्योत राजाच्या भयाने अजातशत्रू राजगृहाची डागडुजी करीत होता. त्या वेळी वस्सकाराने आनंद स्थविरांस विचारले की, तथागतांनी आपल्यामागे कोणास संघाचा आधार म्हणून नेमले आहे काय? कोणासही नाही, असे आनंद म्हणाले. मग संघाने मिळून कोणास निवडले आहे काय? तेही नाही. तर मग एवढा समूह आधारावाचून एकत्र कसा राहतो? आनंदांचे उत्तर असे की, आम्ही निराधार नाही. धम्म हाच आमचा आधार आहे. दर उपोसथास एका गावच्या परिसरातील सर्व भिक्खू एकत्र जमतात, पातिमोक्खाचे पठण होते आणि कोणाकडून दोष घडला असल्यास धम्मानुसार त्याचे निराकरण होते.

हा संवाद आम्हास फार अर्थपूर्ण वाटतो. वस्सकार नकळत आपल्या धंद्याचाच प्रश्न विचारीत होता. एक माणूस केंद्रस्थानी असेल तर त्यास वश करता येते. चार प्रमुख असतील तर त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करता येते. परंतु ज्या समूहाचे केंद्र सर्वांस ठाऊक असलेला नियम आहे आणि ज्याचे सभासद दर पंधरवड्यास समोरासमोर बसून आपले दोष बोलून टाकतात, त्यात कुजबुज फार काळ जगू शकत नाही. संघात पुढे मतभेद झाले नाहीत, असे नाही. विनयपरंपरेनुसार महापरिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीतच दहा वस्तूंचा वाद उद्भवला, आणि तेथेच सातशे भिक्खूंनी जमून, दोन्ही बाजूंचे चार-चार प्रतिनिधी नेमून, तो उघडपणे चर्चिला. पुढे निकायभेद झाले, तरी धम्म टिकला. वज्जींचे गणराज्य मात्र मगधाच्या पोटात गेले. लिच्छवी कुळ नष्ट झाले नाही. गुप्तकाळात कुमारदेवी ही लिच्छवी राजकन्या पहिल्या चंद्रगुप्ताची राणी झाली, आणि समुद्रगुप्ताने आपण लिच्छवींचा दौहित्र असल्याचे प्रयागच्या स्तंभावर अभिमानाने कोरविले. नाव उरले, कुळ उरले, संथागार उरले नाही.

विजयी मगधालाही तथागतांनी इशारा देऊन ठेवला होता. पाटलीग्रामी वस्सकार नगर बांधीत असता त्यांनी आनंदास सांगितले की, हे नगर थोर होईल, परंतु त्यास तीन भये असतील : अग्नी, पाणी आणि मिथुभेद. गृध्रकूटावर वस्सकाराने उचललेला शब्दच येथे त्याच्या नगराच्या पायाशी उभा आहे. जो भेदाने जिंकतो, तो भेदापासून सुरक्षित होत नाही.

आपल्यासाठी अर्थ

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या सहसा वेगवेगळ्या उद्धृत केल्या जातात. एक, हा देश एकेकाळी गणराज्यांनी भरलेला होता. भिक्खुसंघास सभा चालविण्याचे नियम, ठराव, गणपूर्ती, मतदान हे सर्व ठाऊक होते आणि ते तथागतांनी तत्कालीन राजकीय सभांतूनच घेतले असावेत. ही लोकशाही भारताने गमावली. दुसरी, भारताचे स्वातंत्र्य आपल्याच लोकांच्या फितुरीने गेले. सिंधवर स्वारी झाली तेव्हा दाहिर राजाच्या सेनापतींनी महंमद बिन कासिमच्या हस्तकांकडून लाच घेतली आणि लढण्यास नकार दिला, हे उदाहरण त्यांनी दिले. वैशालीच्या कथेत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. लोकशाही कशी होती हेही ती सांगते आणि ती कशी गेली हेही सांगते. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, असा जो इशारा त्यांनी त्याच भाषणात दिला, तो संथागारात राजे आणि मनात धनवंत-दरिद्री अशा लिच्छवींनाही लागू पडला असता.

आपल्या चळवळीच्या, पक्षांच्या आणि संस्थांच्या फुटींचा इतिहास वाचकांस नव्याने सांगावयास नको. प्रत्येक फुटीमागे बाहेरचा वस्सकार होता, असे मानणे सोयीचे असते. कधी तो असतोही. परंतु त्यास विनिश्चय-महामात्याचे आसन कोणी दिले, सावध करणाऱ्यांचे का ऐकले गेले नाही, आणि अमका तुमच्याविषयी असे बोलला, हे ऐकल्यावर आपण त्या अमक्याच्या घरी जाऊन विचारले काय, हे प्रश्न आपण स्वतःस विचारावयाचे आहेत. विहारांत दर पौर्णिमेस आपण जमतो, वंदना करतो आणि परततो. त्याच ठिकाणी, त्याच आसनावर, परस्परांविषयीचे किंतु समोरासमोर बोलून मिटविण्याची प्रथा आपण सुरू केली तर उपोसथाचा मूळ हेतू साधेल. वैशालीत भेरी तीन वेळा वाजली आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले. आपल्या गावी ती वाजेल तेव्हा धनवंत कोण आणि शूर कोण, याची चौकशी न करता जो ऐकेल त्याने उठावे, एवढी सवय आजपासून लावून घेणे आपल्या हाती आहे.